घरखर्चाची वही आणि आपले इमान



जनाज्याची नमाज उभी राहण्यापूर्वी आपल्याकडे एक घोषणा केली जाते. मय्यतीचा मुलगा किंवा जवळचा वारस रांगांसमोर उभा राहून सांगतो की, मरहूमांकडे कोणाचे काही देणे असेल तर त्यांनी ते माफ करावे अथवा आम्हाला येऊन सांगावे, आम्ही ते फेडू. हे शब्द आपण सर्वांनी अनेकदा ऐकले आहेत. ऐकताना आपले लक्ष बहुधा रांग सरळ झाली की नाही याकडे असते. माझेही तसेच असे. काही वर्षांपूर्वी मात्र हे शब्द अब्बांच्या जनाज्याशेजारी उभे राहून मला स्वतःला उच्चारावे लागले. पुढे जे लिहीत आहे ते अम्मीच्या परवानगीने लिहीत आहे. मरहूम पित्याचे दोष सांगणे हा त्याचा हेतू नाही. त्यात आम्हा घरच्यांचा दोष अधिक आहे, हे पुढे स्पष्ट होईलच.

अब्बांनी सतरा वर्षे कुवेतमध्ये नोकरी केली. परत आल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात त्यांनी लहानसे किराणा दुकान टाकले. आमच्या समजुतीप्रमाणे घर ठीक चालले होते. दफनविधी झाला त्या संध्याकाळी एक चुलते आले आणि संकोचाने म्हणाले की, बहिणीच्या लग्नासाठी अब्बांनी त्यांच्याकडून १,२०,००० रुपये हातउसने घेतले होते. दुसऱ्या दिवशी दुकानाला माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने ७५,००० रुपयांची उधारी दाखवली. आठवड्याने कपाटात एक गहाणपावती सापडली. अम्मीच्या पाटल्या तारण ठेवून घेतलेले ते कर्ज व्याजासह १,१०,००० रुपयांवर गेले होते. अम्मी समजत होती की पाटल्या लॉकरमध्ये आहेत.

दोन महिन्यांनंतर अब्बांचे एक जुने मित्र आले. ४०,००० रुपये येणे आहे, असे त्यांनी सांगितले. कागद नाही, साक्षीदार नाही. आम्हा भावांत मतभेद झाला. एकजण म्हणाला, देऊन टाकू. दुसरा म्हणाला, पुरावा काय? शेवटी अम्मीच्या सांगण्यावरून आम्ही ती रक्कम दिली. पैसे घेताना त्या वृद्धाचे डोळे खाली होते. कारण आमच्या चेहऱ्यावरचा संशय त्यांनी वाचला होता. ते खरे बोलत असतील तर आम्ही एका सज्जनाचा अपमान केला. अब्बांनी एक ओळ लिहून ठेवली असती, तर त्यांच्या चाळीस वर्षांच्या मित्राला तो क्षण पाहावा लागला नसता.

एकूण देणे ३,४५,००० रुपये निघाले. ते फेडण्यास आम्हाला तीन वर्षे लागली. परंतु रकमेपेक्षा अधिक टोचणारी गोष्ट वेगळीच होती. अब्बा इतकी वर्षे हे ओझे एकट्याने वाहत होते, आणि त्याच काळात आम्ही त्यांच्याकडे नवा मोबाइल, ईदला नवे कपडे, घरावर नवा मजला असे काहीबाही मागत होतो. ते कधी नाही म्हणाले नाहीत आणि आम्ही कधी विचारले नाही की, हे येते कोठून?

घरखर्चाचा विषय निघाला की आपण उत्पन्न किती आणि बचत किती याची चर्चा करतो. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. या घरात पैशाविषयी खरे बोलले जाते काय? माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे घरखर्च हा प्रथम सत्याचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो इमानचा प्रश्न आहे.

सहीह बुखारीत माता आयशा (रजि.) यांचे एक कथन आहे. प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. एकाने विचारले की, आपण कर्जापासून इतक्या वेळा आश्रय का मागता? प्रेषितांनी (स.) दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे. भूक, दारिद्र्य किंवा लोकांतील अप्रतिष्ठा यांचा त्यांनी उल्लेख केला नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, कर्जात सापडलेला मनुष्य बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. म्हणजे कर्जाचे खरे नुकसान खिशात होण्यापूर्वी जिभेवर होते. दारात आलेल्या माणसाला 'अब्बा घरी नाहीत' असे सांगायला लेकराला पाठवणारा बाप त्या लेकराला काय शिकवीत असतो, याचा विचार करा.

याचा अर्थ कर्ज घेणे हेच पाप आहे असा नाही. प्रेषितांचे (स.) देहावसान झाले तेव्हा त्यांचे चिलखत मदीनेतील एका यहुदी व्यक्तीकडे जवाच्या बदल्यात गहाण होते, हेही बुखारीतच नमूद आहे. गरज कुटुंबाच्या अन्नाची होती, तारण स्वतःचे होते आणि व्यवहार उघड होता. माझ्या अब्बांचे कर्ज आणि हा व्यवहार यांत फरक रकमेचा नाही, उघडपणाचा आहे. आणि तारण म्हणून जी वस्तू गेली ती अम्मीची होती. स्त्रीचा मेहर आणि तिचे दागिने ही तिची स्वतःची मालमत्ता आहे, आणि तिने राजीखुशीने दिल्याशिवाय पतीचा तिच्यावर हक्क नाही, हे सूरह निसाच्या चौथ्या आयतीवरून आपण सर्वजण जाणतो. तरीही किती घरांतील पाटल्या आणि हार न विचारता सोनाराच्या तिजोरीत गेलेले असतील?

कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ती नमाजवर नाही, रोजावरही नाही. ती सूरह बकराची २८२ वी आयत असून मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद कशी करावी, हे ती शिकवते. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अशी तिची शिकवण आहे. त्यातील एक तपशील मला विशेष वाटतो. मजकूर सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर देणे आहे त्याच्यावर टाकली आहे. घेणेकऱ्याने दावा करावा आणि ऋणकोने मान हलवावी, असे नाही. ज्याला हे सत्य सर्वाधिक जड जाते, त्याच्याच तोंडून ते आधी निघावे अशी ही व्यवस्था आहे. आपण मात्र 'आपसांत कसले लिहायचे' म्हणून मोकळे होतो. आपसांतल्या संबंधांनाच लिखाणाची अधिक गरज असते, हे मी त्या वृद्ध मित्राच्या झुकलेल्या डोळ्यांत पाहिले.

येथे एक रास्त आक्षेप येईल. आपली अडचण चारचौघांत न दाखवणे हा सद्गुण नाही काय? सूरह बकरातच अशा गरजवंतांची प्रशंसा आली आहे, जे लोकांपुढे हात पसरत नाहीत आणि ज्यांच्या संयमामुळे अनोळखी माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. मग अब्बांनी वेगळे काय केले?

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. मला असे वाटते की, आपली परिस्थिती जाणण्याचा अधिकार प्रत्येकाचा सारखा नाही. शेजाऱ्याला आणि लग्नात भेटणाऱ्या पाहुण्याला आपल्या खिशाची माहिती देण्यास आपण बांधील नाही. त्यांच्यापुढे झाकलेली मूठ ही खुद्दारी आहे. परंतु ज्याचे पैसे आपण घेतले त्याला आपली खरी स्थिती जाणण्याचा हक्क आहे. आणि जे आपल्याच ताटात जेवतात, त्या पत्नीला व समजत्या वयाच्या मुलांना तर तो आहेच. जगापुढे हात न पसरणे हा संयम आहे. घरच्यांपासून लपवणे हा संयम नाही. त्यात आपण त्यांना समंजसपणे वागण्याची संधीच नाकारतो. आम्हाला ठाऊक असते तर आम्ही तो मजला मागितला असता काय? इतके निष्ठुर आम्ही नव्हतो. आम्हाला फक्त माहीत नव्हते.

याबाबतीत प्रेषितांच्या (स.) घराचा आदर्श पाहा. एका प्रसंगी त्यांच्या पत्नींनी अधिक खर्चाची मागणी केली. विजयानंतर मदीनेत संपत्ती येत होती, तेव्हा मागणी अगदीच अनाकलनीय नव्हती. प्रेषितांनी (स.) त्यांना खूश करण्यासाठी कर्ज काढले नाही. सूरह अहजाबच्या २८ व २९ व्या आयतींत आलेल्या आदेशानुसार त्यांनी प्रत्येकीसमोर निवड ठेवली. ऐहिक सुखसाधने हवी असतील तर ती देऊन सन्मानाने निरोप, आणि अल्लाह, त्याचा प्रेषित व आखिरत हवी असेल तर हेच साधे जीवन. माता आयशांना (रजि.) तर त्यांनी सांगितले की घाई करू नकोस, आईवडिलांचा सल्ला घे. सर्वांनी साधे जीवन निवडले. ज्या घरात दोन-दोन महिने चूल पेटत नसे आणि खजूर व पाण्यावर दिवस निघत, त्या घरातील माणसे तो काळ स्वखुशीने जगली, कारण त्यांना सत्य सांगून निवडण्याचा अधिकार दिला होता. लादलेली काटकसर आणि निवडलेली काटकसर यांत फार अंतर आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. हिंद बिन्त उतबा (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) तक्रार केली की, पती अबू सुफयान हात आखडता धरतात आणि मला व मुलांना पुरेल इतके देत नाहीत. प्रेषितांनी (स.) त्यांना स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके घेण्याची मुभा दिली. पतीला कळू न देता पैसे घेण्याची पाळी पत्नीवर येते, तेव्हा त्या घरातील बोलणे आधीच बंद पडलेले असते. खर्चाचे पैसे मोजून हातावर ठेवणारा, परंतु मिळकत किती हे कधीच न सांगणारा पती आणि भाजीच्या पैशांतून गुपचूप डबा भरणारी पत्नी हे एकाच मौनाचे दोन परिणाम आहेत.

आपल्या कोकणातील अनेक घरे आखातातील पगारावर उभी आहेत. तेथे हे मौन समुद्राएवढे रुंद होते. २०२० च्या टाळेबंदीत तेथील अनेकांचे पगार कापले गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. घरच्यांना काळजी नको म्हणून कित्येकांनी ते कळवले नाही आणि सहकाऱ्यांकडून उसने घेऊन पूर्वीइतकीच रक्कम पाठवत राहिले. इकडे घर पूर्वीप्रमाणेच खर्च करीत राहिले. दोन्हीकडे प्रेमच होते. परंतु सत्यावाचून केलेल्या प्रेमाने कर्ज वाढले. एका फोनवर 'या महिन्यापासून निम्मेच येतील' एवढे वाक्य उच्चारले असते, तर घराने आपला खर्च निम्म्यावर आणला असता. सूरह तलाकच्या सातव्या आयतीचा आशय हाच आहे की, ऐपत असणाऱ्याने ऐपतीप्रमाणे खर्च करावा आणि ज्याची उपजीविका मर्यादित आहे त्याने अल्लाहने जे दिले त्यातूनच करावा. अल्लाह कोणावरही दिल्यापेक्षा अधिक भार टाकत नाही. तो भार आपणच लोकलाजेपोटी टाकून घेतो.

काही बंधू म्हणतात की, रिज्क देणारा अल्लाह आहे, मग इतका हिशेब कशाला? परंतु तवक्कुल म्हणजे बेफिकिरी नव्हे. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) यांनी सात सुकाळाच्या वर्षांत खाण्यापुरते धान्य काढून बाकीचे कणसातच ठेवण्यास सांगितले, म्हणून पुढील सात दुष्काळी वर्षे निभावली. स्वतः प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षाची बेगमी बाजूला काढीत असत, असे बुखारीतील कथन आहे. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे एक लक्षण हेच सांगितले आहे की, ते उधळपट्टीही करीत नाहीत आणि कंजूषपणाही करीत नाहीत, या दोहोंच्या मध्ये राहतात. आता ही मध्यरेषा कोठे आहे, हे ज्या घरात हिशेबच लिहिला जात नाही त्या घराला कळणार कसे?

सर्वांत मोठे असत्य आपण लग्नात बोलतो. समजा एखाद्याचे उत्पन्न महिना २५,००० आहे आणि त्याने लग्नासाठी चार लाखांचे हातउसने घेतले. पोटाला चिमटा घेऊन महिना ५,००० फेडले, तरी ८० महिने लागतील, म्हणजे सहा वर्षे आठ महिने. एका दुपारच्या जेवणाची किंमत म्हणून त्या घराने सात वर्षांची झोप दिली. मुलीची मुले शाळेत जाऊ लागतील तेव्हा तिच्या लग्नातील बिर्याणीचे पैसे फिटतील! माता सफिया (रजि.) यांच्या वलीम्यात भाकरी नव्हती आणि मांसही नव्हते. चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले आणि त्यावर खजूर, पनीर व तूप ठेवले गेले. तो वलीमा अपुरा होता असे म्हणण्याची आपल्यापैकी कोणाची हिंमत आहे? आणि हा दोष केवळ यजमानाचा नाही. 'किती पदार्थ होते' असे परतल्यावर विचारणारे आपण सर्वजण त्या कर्जाचे भागीदार आहोत.

मग करावे काय? आमच्या घरात आता एक साधी पद्धत आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी इशानंतर आम्ही सर्वजण वही घेऊन बसतो. अम्मी मध्ये बसते. आलेले पैसे, झालेला खर्च, कोणाचे देणे आणि कोणाकडून येणे, अशी चार पाने. भिशीचा हप्ता आणि जकातची तारीख वेगळी लिहिलेली असते. माझी बारा वर्षांची मुलगी बेरीज करते. पहिल्या महिन्यांत लाज वाटली, दोनदा वादही झाला. पुढे असे झाले की मुलांनीच सांगितले, यंदा ईदला एकच जोड पुरे. कोणी त्यांना उपदेश केला नव्हता. त्यांनी फक्त पान पाहिले होते.

तंगीचा काळ आला तर कपात वरून सुरू व्हावी. हिजरी १८ मधील दुष्काळात खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी सामान्य लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप खाणे सोडले होते. घरातील कर्त्याने आधी आपला चहा-पानाचा व फिरण्याचा खर्च कमी करावा, मग मुलांकडे वळावे. देणे मुदतीत फिटणार नाही असे दिसताच मुदतीपूर्वी घेणेकऱ्याकडे स्वतः जावे. फोन बंद करून बसू नये. आणि घेणेकऱ्याने सूरह बकराची २८० वी आयत आठवावी. ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि सोडून दिल्यास ते अधिक उत्तम, असे ती शिकवते. माणसे खोटे का बोलतात? पुष्कळदा खरे ऐकून घेणारा कोणी नसतो म्हणून. सवड देणारा मनुष्य दुसऱ्याच्या सत्याचे रक्षण करीत असतो.

वाचकहो, एका सहाबींचा जनाजा आणला गेला, तेव्हा त्यांच्यावर देणे असून ते फेडण्यापुरते काही मागे नाही असे कळताच प्रेषितांनी (स.) इतरांना नमाज पढण्यास सांगितले आणि स्वतः थांबले. अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्यावर घेतले, तेव्हा त्यांनी नमाज पढवली. पुढे परिस्थिती सुधारल्यावर त्यांनी जाहीर केले की, जो श्रद्धावंत देणे मागे ठेवून मरेल त्याचे देणे मी फेडीन. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. देण्याचे गांभीर्य इतके, आणि ऋणकोविषयीची करुणाही इतकी. आपल्या मोहल्ल्यात अबू कतादा व्हायला कोणी तयार आहे काय, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आणि एक काम आजच करता येईल. आज रात्री एक कोरी वही घ्या. कोणाचे किती देणे आहे ते पहिल्या पानावर आपल्या हाताने लिहा आणि ती वही घरात कोठे ठेवली आहे हे पत्नीला, मुलांना दाखवा. उद्या आपला मुलगा रांगांसमोर उभा राहील, तेव्हा तो जे बोलेल त्याची भीती त्याला वाटू नये. त्याला आधीच सर्व ठाऊक असावे. ही त्याच्यासाठी ठेवलेली चांगली मिरास होईल.

हे अल्लाह, आमच्या अब्बांना आणि सर्व मरहूमांना क्षमा कर. आम्हाला हलाल कमाई, मध्यम खर्च आणि खरी जीभ प्रदान कर. आमच्या घरांत बरकत दे आणि कोणाचेही देणे मानेवर घेऊन तुझ्यासमोर येण्यापासून आम्हाला वाचव. आमीन.